घट्ट केल्याची खूण

कॅनडातल्या आमच्या रिचमंड हिलच्या गॅरेजमध्ये लाकडी खोक्यातून विमानाची शेपटी आली, त्या दिवसापासून मला धड झोप नाही. लोक रिटायर झाले की बागेत टोमॅटो लावतात, ब्रिज खेळतात, फार तर क्रूझवर जाऊन आठवडाभर खातात. यांनी विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, सुटे भाग मागवून घरीच जोडायचं. "याला परवानगी असते?" असं मी विचारलं. "असते. इन्स्पेक्टर येऊन चेक करतो," हे म्हणाले. मला वाटलं, इन्स्पेक्टर येईल, कपाळावर हात मारेल आणि सगळं बंद करायला लावेल. तो आला, कौतुक केलं, माझ्या हातच्या दोन करंज्या खाल्ल्या आणि गेला.

मी मुळातच भित्री. भारतात जाताना चौदा-पंधरा तास खुर्चीचे हात धरून बसते आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला की एअर होस्टेसच्या चेहऱ्याकडे बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्यामागे तो थेट घरातच राहायला आला होता. कोक्विटलामला असलेल्या मुलीला फोन करून मी रडले, तर ती म्हणाली, "मॉम, रिलॅक्स. डॅड नोज व्हॉट ही इज डूइंग." बापलेकीचं सगळं असंच. एकाने उडी मारायची आणि दुसरीने टाळ्या वाजवायच्या.

मग मी त्या कामात पडले कशी, असं लोक विचारतात. भीतीपोटीच पडले. गाडीचा एखादा बोल्ट सैल झाला तर गाडी खडखडते आणि आपण रस्त्याच्या कडेला थांबतो. विमानाला कडेला थांबता येत नाही. इंजिन सतत थरथरत असतं आणि त्या थरथरीने बोल्ट उलटा फिरायला बघतो. म्हणून बोल्टच्या डोक्यालाच आरपार भोक पाडलेलं असतं. त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, दोन्ही पदरांना पीळ द्यायचा आणि शेजारच्या बोल्टच्या भोकातून नेऊन बांधून टाकायची. ती अशा बाजूने न्यायची की एक बोल्ट सैल व्हायला लागला तर दुसऱ्याला घट्ट व्हायच्या दिशेने ओढेल. हे मला यांनी जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घेऊन समजावलं. समजावताना स्वतः केलेली पहिली तार दाखवली. ती पार वेडीवाकडी होती. मी म्हटलं, "हे धरणार तुम्हाला वर? आणा इकडे ती पक्कड."

माझ्या हाताला ते काम नवं नव्हतं. पुण्याची माझी दातांच्या डॉक्टरकीची डिग्री इथे चालली नाही, तेव्हा नॉर्थ यॉर्कच्या एका दवाखान्यात मी वीस वर्षं असिस्टंट होते. दात सरळ करायला मुलांच्या तोंडात ज्या तारा बसवतात, त्यांना पीळ देणं आणि कापलेलं टोक गालाला लागू नये म्हणून आत वळवणं, हे मी झोपेतही करीन. फरक इतकाच की इथे रुग्ण ओरडत नव्हता. पहिल्या आठवड्यात मी चार बोल्टांना सुंदर तारा घातल्या, आणि यांनी चारही कापून टाकल्या. पीळ उत्तम होता, पण ओढ उलट्या बाजूला होती. म्हणजे त्या तारांनी बोल्ट सैल व्हायलाच मदत झाली असती. त्या दिवशी मी पक्कड फेकली आणि दुसऱ्या दिवशी परत उचलली, कारण मी नाही केलं तर हे करणार होते.

एक नियम यांनी मला गळ्याची शपथ घालून सांगितला होता. तार बोल्ट घट्ट करत नाही. बोल्ट जेवढा घट्ट आहे तेवढाच ती धरून ठेवते. घट्ट करायचं काम यांचं. त्यासाठी एक खास पाना असतो, ठरवलेला जोर लागला की तो 'टक्' आवाज करतो. टक् झालं की हे त्या बोल्टच्या डोक्यावर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देणार. ठिपका दिसला तरच मी तार लावणार. "वायर दिसली की जगातला कुठलाही माणूस धरून चालतो की बोल्ट टाइट आहे," हे म्हणायचे. "मग त्याला कोणी पुन्हा हात लावत नाही. म्हणून खूण बघितल्याशिवाय वायर लावायची नाही." मी कधी लावली नाही. म्हणजे, एका वेळेपर्यंत.

विमान तयार झाल्यावर ते तासभर उत्तरेला असलेल्या एका लहान विमानतळावर नेऊन ठेवलं. गवताची धावपट्टी, विमानं ठेवायचे दहा-बारा पत्र्याचे हँगर, आणि शेजारच्या हँगरमध्ये एक म्हातारा कॅनेडियन. तो सगळं आयुष्य उत्तरेच्या तळ्यांवर विमानं उतरवत आलेला, बोलायला मोजका. माझ्या तारा बघून तो म्हणाला होता, "ब्यूटिफुल वर्क," आणि आपल्या इंजिनाच्या दोन तारा माझ्याकडून करून घेतल्या होत्या. मी घरी येऊन हे मुलीला तीनदा सांगितलं. कौतुकाची चटक वाईट.

पण तिथे माझं नाव झालं ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्यांदा हे इंजिन चालवून विमान नुसतं जमिनीवर फिरवणार होते, तेव्हा मला पेट्रोलचा वास आला. मी हातवारे करून सगळं थांबवलं. वास माझ्याच हातमोज्यांना होता. दुसऱ्यांदा मला आतून खडखड ऐकू आली. पुन्हा थांबवलं. मागच्या सीटवर माझाच पोळीभाजीचा डबा राहिला होता. आजूबाजूचे चार लोक हसले, वाईट मनाने नाही, पण हसले. परतताना गाडीत हे म्हणाले, "हे बघ, काय सांगायचं ते आदल्या दिवशी सांग. उडायच्या दिवशी माझं डोकं शांत हवं. प्रॉमिस कर." मी केलं. लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती आणि ते मला कळत होतं.

सप्टेंबरात इंजिन पुढून तेल गाळायला लागलं. तेल अडवणारं सील बदलायला यांनी पंखा काढला. हे त्याला प्रॉपेलर म्हणतात, मी पंखाच म्हणते. नवरात्राच्या शेवटी तो पुन्हा बसवला. सहा बोल्टांवर तो सगळा पंखा असतो, बाकी काही नाही. बसवला तेव्हा संध्याकाळ होत आली होती, म्हणून यांनी बोल्ट साध्या पान्याने हातापुरते आवळले आणि मोजून घट्ट करायचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आहे, हे यांच्या लक्षात घरी आल्यावर आलं.

आता हे तसे देवाधर्माचे नाहीत. घरातले देव माझ्या वाट्याला. पण खंडेनवमी मात्र चुकवायची नाही. सासरे नागपूरला एका कारखान्यात फिटर होते, आणि त्या दिवशी हत्यारं पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून त्यांना दिवसभर हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. यांनी तो चाळीस वर्षं कॅनडात पाळला, अपार्टमेंटमध्ये दोन स्क्रूड्रायव्हर होते तेव्हापासून. त्या दिवशी सकाळी देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन हे एकटेच हँगरला गेले. मी गेले नाही, कारण आमचा अबोला होता. पहिल्या उड्डाणाची तारीख यांनी मुलीला आधी सांगितली आणि मला तिच्याकडून कळली. इतक्या वर्षांच्या संसारात माझा जीव कुणासाठी टांगणीला लागलाय हे ज्या माणसाला कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

दोन दिवसांनी मी अबोल्यासकट हँगरला गेले. पंख्याच्या तारा लावायच्या राहिल्या होत्या आणि त्या दुसऱ्या कुणाच्या हातावर मी सोडणार नव्हते. हे विमानाच्या खाली आडवे पडून चाकाच्या ब्रेकशी झटापट करत होते. मी पुढे गेले. सहाही बोल्टांच्या डोक्यावर लाल ठिपका होता. जरा मोठा होता, बोटाने टेकवल्यासारखा, आणि मला तेव्हा वाटलंही, की आज ब्रश कुठे गेला यांचा. नेहमी विचारलं असतं. अबोला होता म्हणून विचारलं नाही. दोन-दोन बोल्टांच्या जोड्या करून मी तीन तारा लावल्या. फार छान झाल्या. टोकं आत वळवली, कापलेले तुकडे मोजून डबीत टाकले आणि गाडीत जाऊन बसले.

यांनी बाहेर येऊन तारा बघितल्या. तार म्हणजे ठिपका, ठिपका म्हणजे टक्. मध्ये सुट्टीचा एक दिवस गेलेला, त्यात डोक्यात ब्रेक. यांनी विमानाच्या नोंदवहीत लिहिलं की पंख्याचे बोल्ट मोजून घट्ट केले, तारा लावल्या. खाली सही केली. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर शेवटचं बघायला आला. तोही लाल ठिपके आणि तारा बघून मान डोलावून गेला. हे सगळं मी आज सांगते आहे. तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.

उड्डाणाचा दिवस स्वच्छ होता. थंडी होती, वारा नव्हता. मी मनातल्या मनात वाऱ्यासाठी प्रार्थना करून आले होते, पण एक पानही हलत नव्हतं. ठरलेलं असं, की आधी पंधरा मिनिटं इंजिन जागच्या जागी तापवायचं, मग पट्टीच्या टोकाला जायचं आणि उडायचं. हे आत बसून यादी वाचत एकेक बटण तपासत होते. म्हातारा चाकांच्या ठोकळ्यांपाशी उभा होता. मला रिकाम्या हातांनी उभं राहवत नाही, म्हणून मी फडक्यावर क्लीनर मारून पंख्याचा मधला भाग पुसायला घेतला.

फडकं लाल झालं.

आधी वाटलं, तारेचं टोक बोटात गेलं. बोट बघितलं, काही नव्हतं. पुन्हा एका बोल्टवर फडकं फिरवलं. आणखी लाल. नेलपॉलिश फडक्याने निघत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी चिमटीत तो रंग चोळला. तो कणीदार होता. जन्मभर रोज सकाळी बोटाला लागतो तसा. आणि मग मला देवघरातला करंडा आठवला, नवमीला गेलेला आणि दोन दिवसांनी परत आलेला. यांनी हत्यारांबरोबर इंजिनाचीही पूजा केली होती. आणि ज्या सहा बोल्टांच्या भरवशावर आपण वर जाणार, त्यांना एकेकाला कुंकू लावलं होतं.

मला सगळं एका क्षणात कळलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. त्या बोल्टांना तो टक् करणारा पाना लागलेला नाही, आणि माझ्या तारांनी ते झाकलं आहे, हे मला कळलं होतं.

"ओके, लेट्स स्टँड बॅक," म्हातारा म्हणाला, आणि मी मागे सरकले. फडक्याची लाल बाजू आत करून घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. हे आतून ओरडले, "क्लिअर!" मी तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, ते मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. मला वाटलं, कुंकू लावलं असेल, पण त्याच्या खाली नेलपॉलिशही असेल. वाटलं, यांनी नंतर घट्ट केले असतील, मला काय माहीत, बोलत कुठे होतो आम्ही. वाटलं, मी वचन दिलंय. वाटलं, पुन्हा हसतील. आणि सगळ्यांच्या तळाशी एक गोष्ट होती, जी लिहितानाही मला लाज वाटते. माझ्या तारांना सगळे ब्यूटिफुल म्हणाले होते. त्या मी डोळे मिटून लावल्या हे त्या म्हाताऱ्यासमोर सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. नवऱ्याच्या जिवाला घाबरणारी मी, त्या वेळी चार माणसांच्या हसण्याला जास्त घाबरले.

इंजिन सुरू झालं. पंखा फिरायला लागला आणि दिसेनासा झाला. मी विमानाच्या बाजूला, डाव्या पंखाच्या टोकापाशी म्हाताऱ्याशेजारी उभी होते आणि पंख्याच्या वाऱ्याने आडवं झालेलं गवत बघत होते. पंधरा मिनिटं आहेत, मी स्वतःला सांगितलं. काही सैल असेल तर इतक्यात कळेल, थरथर वाढेल, हे स्वतःच बंद करतील. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते खूश होते. लग्नात मुंडावळ्यांच्या आडून दिसला होता तसा चेहरा. खिशात ते फडकं मी इतकं आवळून धरलं होतं की नखं तळहातात रुतली.

पंधरा मिनिटं पुरी झालीच नाहीत. दहा-बारा मिनिटांत तेल हवं तेवढं तापलं असावं. यांनी म्हाताऱ्याला अंगठ्याने खूण केली, ठोकळे काढ. म्हातारा ठोकळ्यांची दोरी ओढायला वाकला.

मग मी धावले. पुढून नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. विमानाच्या डाव्या पंखाच्या मागून, दोन्ही हात वर करून, मराठीत ओरडत. "बंद करा! अहो, बंद करा!" म्हाताऱ्याने मला दंडाला धरून मागे खेचलं. यांनी मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा आधी वैतागला. मी खिशातलं फडकं काढलं आणि लाल बाजू त्यांच्याकडे करून धरली. त्यांना बहुतेक रक्तच वाटलं. इंजिन बंद झालं.

"काय झालं आता? कुठे लागलं?" ते उतरत ओरडले.

"कुंकू आहे हे," मी म्हटलं. "बोल्टांवरचं. तुम्ही नेलपॉलिश कधी लावलं? पाना कधी लावला?"

मी त्यांना आठवताना बघत होते. संध्याकाळ, साधा पाना, खंडेनवमी, ब्रेक. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं, अगदी माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा. त्यांनी माझ्या तिन्ही तारा कापल्या आणि मोजणारा पाना आणला. पहिला बोल्ट पाव फेरा फिरला तरी टक् झालं नाही. दुसरा त्याहून जास्त फिरला. तिसरा त्यांनी हातानेच हलवून बघितला, आणि तो हलला. ते तिथेच हत्यारांच्या पेटीवर बसले.

"ऑन टेकऑफ," म्हातारा हळू म्हणाला, "इट वुड हॅव गॉन." आणि तो कॉफी आणायला निघून गेला, आम्हाला एकटं सोडायला असावं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं. तो पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभा होता.

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. बोल्ट आणि पंख्याचा तो भाग तपासून सगळं नव्याने बसवायला दोन आठवडे गेले. या वेळी सहाही टक् मी कान लावून ऐकले, आणि नेलपॉलिश मी स्वतः लावलं. मग हे उडाले. वीस मिनिटं वर होते. मी तेवढा वेळ हँगरच्या वॉशरूममध्ये दार लावून बसले, ते उतरल्यावर बाहेर आले. आता हे रविवारी उडतात आणि मी घरी वरणाची फोडणी तीन-तीनदा जाळते.

ही गोष्ट यांची आवडती झाली आहे. मराठी मंडळींच्या जेवणात, मुलीच्या सासरच्यांसमोर, नव्या शेजाऱ्यांना, हे रंगवून सांगतात. "हिने नुसतं फडकं फिरवलं आणि ओळखलं! आणि तशीच धावत सुटली, इंजिन चालू असताना! शी सेव्ह्ड माय लाइफ." लोक माझ्याकडे बघतात. मी पापड वाढते.

हे जन्मभर इंजिनिअर. गोष्टीत एक खिळा जरी चुकीच्या जागी असला तरी तो त्यांना दिसतो. फिरत्या पंख्याला फडकं लावता येत नाही, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला माहीत असणार. म्हणजे मी पुसलं ते इंजिन सुरू होण्याआधी, आणि धावले ते दहा-बारा मिनिटांनी. हा हिशोब कुठलंही मूल करील. प्रत्येक वेळी ते त्या जागेपाशी आले की मी वाढायची थांबते, आणि प्रत्येक वेळी ते फडक्यावरून थेट धावण्यावर उडी मारतात, मधली मिनिटं गाळून.

मला त्यांनी कधीच विचारलेलं नाही. मी उत्तर तयार ठेवलंय, पण ते खोटं आहे. आणि आजकाल मला विमानापेक्षा जास्त भीती वाटते ती आम्ही दोघंच जेवायला बसतो आणि ते बोलता बोलता मध्येच गप्प होतात, त्याची.